नद्यांचे जाळे आणि संगणकाचा नकाशा

वेदगंगा कोठून येते आणि कोठे दूधगंगेस मिळते, हे निपाणी परिसरातील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. संगणकास मात्र ते सांगावे लागते. आणि चुकीचे सांगितल्यास तो तेच निष्ठेने गिरवीत राहतो.

विस्तीर्ण प्रदेशातील पाण्याचा हिशेब मांडताना भूभागाचे चौकोन पाडतात. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जगातील बहुतेक भूभागाची उंची मोजण्यात आली. त्या उंचीवरून प्रत्येक चौकोनातील पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत अधिक उताराच्या चौकोनाकडे वळवितात. दिशेस दिशा जोडत गेले की नदी तयार होते. बारीक चौकोनांवर ही रीत बरी चालते. पण जागतिक पूर-इशारा प्रणालीचा चौकोन २०२३ पर्यंत सुमारे ११ किलोमीटरचा होता, आता तो सुमारे ५ किलोमीटरचा आहे. संगमाजवळ वेदगंगा व दूधगंगा परस्परांच्या इतक्या निकट येतात की अशा एकाच चौकोनात दोन्ही सापडाव्यात! मग कागदावर संगम वर सरकतो आणि एका नदीचे पाणी दुसरीच्या काठावरील गावाच्या नावे मांडले जाते. यावर उपाय म्हणून बारीक नकाशातील प्रवाहमार्ग आधी शोधून त्यावरून मोठ्या चौकोनांच्या दिशा ठरवितात. जपानमधील संशोधकांनी या पद्धतीत मोठे काम केले आहे.

याहून अवघड प्रश्न फुगवट्याचा. दूधगंगा पुढे कृष्णेस मिळते. कृष्णा दुथडी भरली असता दूधगंगेचे पाणी तीत सहज शिरत नाही. ते मागे तुंबते आणि तो दाब उपनद्यांपर्यंत पोहोचू शकतो. केवळ जमिनीचा उतार पाहणाऱ्या गणितात फुगवट्यास जागाच नाही. तेथे पाण्याच्या पातळीचाच उतार क्षणोक्षणी मोजावा लागतो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पुरामुळे पुणे-बेंगळूरु महामार्गावरील वाहतूक थांबली होती. अशा वेळी पाणी किती येणार, एवढेच कळून भागत नाही. ते किती काळ थांबणार, हेही कळावे लागते.

काळम्मावाडी धरणातून सोडलेले पाणी उतारावरून ओळखता येत नाही, त्याची वर्दी निराळी द्यावी लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची गोष्ट तशीच. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात, नंतर बसवितात. म्हणजे एकच नदी वर्षातून दोन प्रकारे वाहते. एवढ्या लहान बांधकामास मोठ्या चौकोनात स्थान मिळत नाही.

गणिताची पारख अखेर गावातच होते. शाळेच्या अथवा देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असल्यास तिची उंची व तारीख नोंदविता येते. संगणकाने दाखविलेली पातळी त्या खुणेच्या किती वर वा खाली आली, ते मोजपट्टीनेही कळते.