म्हातारपणची आशा, म्हातारपणची भीती

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. माझं शिक्षण म्हणाल तर साच्यावर आणि वाचनालयात झालेलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वयाप्रमाणे माणसाची आशा बदलते, भीतीही बदलते. बदली कामगार होतो तेव्हा आशा एकच, कायम होण्याची. आणि भीती एकच, आज गेटवरून परत पाठवतील काय. पुढे पोरांचं शिक्षण आलं. २०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी थांबली ती थांबलीच. आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं, गुडघे चालावेत आणि कुणापुढे हात पसरावा लागू नये.

माझी आई ७८ वर्षांची. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहणारी बाई. गेल्या उन्हाळ्यात तिला घेरी आली. डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पितात. मी रागावलो. तर म्हणाली, "बाबा, संडास चाळीच्या टोकाला. रातीला तिथं दिवा नाही. पडले तर अंथरुणात करायची पाळी येईल. मरणाचं भ्याव नाही मला, तुमच्या हातावर पडायचं भ्याव आहे."

इतकी वर्षं मी कामगारांची गाऱ्हाणी लिहून दिली, पण घरातलं गाऱ्हाणं मला ऐकू आलं नव्हतं.

मी विचारलं, "मग आता तुझी इच्छा काय?" म्हणाली, "पौर्णिमेला आपल्या पायांनी विहारात यायचं, एवढंच."

तथागतांनी ऐंशीव्या वर्षी आनंदाला सांगितलं, की हे शरीर जुनी गाडी वाद्या बांधून चालवावी तसं चाललं आहे. त्यांनी म्हातारपण लपवलं नाही आणि चारिकाही सोडली नाही. मग आपल्या म्हाताऱ्यांनी दुखणं का लपवावं? २००७ च्या कायद्याने आई-बापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्याने भाकर मिळेल, पण रात्रीचा दिवा आपणच लावायचा आहे.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. प्रत्येक मजल्यावर संडासाच्या वाटेला दिवा आणि धरायला दांडी, विहाराच्या पायऱ्यांना कठडा. वर्गणीचे पहिले ५०० रुपये मी आज देतो.

आणि घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला "जेवलात का?" एवढंच विचारू नका. कशाचं भय वाटतं, काय करावंसं वाटतं, तेही विचारा. उत्तर दरसाल बदलेल, म्हणून दरसाल विचारा.

नमो बुद्धाय! जयभीम!