काळी जमीन हवी, काळी सून नको!

(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या एका मेळाव्यांत झालेलें भाषण)



आज मला रूप या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत. कर्ज, पाऊस, बाजारभाव सोडून हा नटण्यामुरडण्याचा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. पण मुलीच्या कातडीचा रंग हेंहि आपल्या कर्जाचें एक कारण आहे, हें मी माझ्याच घरच्या हकीकतीवरून दाखवितों.

माझी थोरली बहीण रंगानें काळी. खुरपणींत तिची बरोबरी करणारी बाई गांवांत नव्हती. पाहुणे येणार म्हटलें कीं आई तिला आदल्या रात्रीं हळद व डाळीचें पीठ चोळी, आणि दिवेलागणीनंतर अंधुक उजेडांत पाटावर बसवी. पांच ठिकाणांहून नकार आला. सहाव्या ठिकाणाहून होकार आला तो असा : "मुलगी कामाची आहे, पण रंगाचें काय तें तुम्हीच समजून घ्या." या समजून घेण्यापायीं वडिलांनीं विहिरीजवळचें अर्धा एकर रान विकलें. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालींच झाला होता, पण तो आमच्या ओसरीवर आला नाहीं. रानाला आपण काळी आई म्हणतों. काळी मुलगी घरांतून उजवण्यासाठीं काळी आई विकली!

आतां दुसरी बाजू ऐका. पुढें माझें लग्न निघालें. मुलगी पाहावयास गेलों. मामांनीं तिला हात पुढें करावयास लावला व माझ्या हाताशेजारीं धरून पाहिला. मीं तोंडांतून ब्र काढला नाहीं. चहा पिऊन आम्ही उठलों व चार दिवसांनीं "मुलगी उजळ नाहीं" असा निरोप धाडला. बहिणीचें दुःख डोळ्यांनीं पाहिलेला मी, तेंच दुःख दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवून आलों. म्हणून आज मी उपदेशक म्हणून नव्हे, गुन्हेगार म्हणून आपल्यापुढें उभा आहें.

रंग म्हणजे आहे तरी काय? आपल्या कातडींत मेलॅनिन नांवाचें एक द्रव्य असतें. तें तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसांत व काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच असतात. द्रव्य किती व कोणत्या प्रकारचें बनतें, एवढाच फरक. हें द्रव्य उन्हांतले घातक किरण अडवितें. म्हणजे उन्हांत राबणाऱ्याला निसर्गानें दिलेली ती छत्री आहे. छत्री काळी म्हणून कोणी ती फेकून देतो काय?

मग काळा रंग वाईट हें ठरविलें कोणीं? ज्यांना सावलींत बसून खावयास मिळत होतें, त्यांचा रंग तो मानाचा रंग झाला. राबणाऱ्याचा तो हलका ठरला. त्यांत पुढें गोरे राज्यकर्ते आले. रंग पाहून जात ओळखूं येते, अशी एक खुळी समजूतहि त्यांत मिसळली. वास्तविक काळी व गोरी माणसें प्रत्येक जातींत आहेत. आपल्या एकाच चुलीभोंवतीं देखील आहेत.

विलायतेंतली गंमत पाहा. तेथें राबणारे लोक शेतांत होते, तेव्हां बड्या घरच्या बायका पांढऱ्या दिसण्यासाठीं तोंडाला शिसें असलेला विषारी लेप लावीत. पुढें कामगार कारखान्याच्या छपराखालीं गेला, फिका पडला. समुद्रकांठीं उन्हांत लोळावयास सवड फक्त पैसेवाल्यांना उरली. तेव्हां, १९२० नंतरच्या काळांत, उन्हानें रापलेलें अंग हीच तेथें फॅशन झाली! माणसांची कातडी बदलली नव्हती. सवड कोणाला आहे, एवढेंच बदललें होतें. सौंदर्याचा कांटा असा पैशाकडे झुकतो.

आपल्याकडे या समजुतीचा धंदा झाला. १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' हें मलम बाजारांत आलें. जाहिरातींत काळी मुलगी खिन्न बसलेली. मलम लावलें कीं तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो. चिमुकल्या पुडींतून तें खेड्यांतल्या दुकानापर्यंत पोंचलें. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनें २०१४ सालीं नियम केला कीं काळ्या रंगाला कमीपणा आणणारें चित्र दाखवूं नये. २०२० सालीं जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हां मलमाचें नांव 'ग्लो अँड लव्हली' झालें. नांवांतला गोरेपणा गेला. आपल्या मनांतला गेला काय?

याहूनहि वाईट माल बाजारांत आहे. गोरें करण्याच्या नांवाखालीं स्टेरॉइडचीं मलमें सर्रास लावलीं जातात. कांहीं दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात, आणि मलम थांबविलें कीं आग होते. म्हणून २०१८ सालीं सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असें ठरविलें. कांहीं बेनांवी मलमांत तर पारा असतो, व तो मूत्रपिंड बिघडवितो. ज्या डबीवर कोणतीं द्रव्यें आहेत हें लिहिलेलें नाहीं, ती घरांत आणूं नका. कोणी लावीत असेल तर तिला रागावूं नका. तिला डॉक्टरकडे न्या. तिच्या हातीं ती डबी आपणच दिली आहे.

कारण बाजाराला शिव्या देणें सोपें आहे. जाहिरात येण्यापूर्वीं मामांनीं हात धरून पाहिलाच होता. आपल्या ओसरीवरचा बाजार आधीं मोडा. सोयरिकीच्या कागदावर गोरी, निमगोरी, गहूवर्णी हे शब्द लिहूं नका व विचारूं नका. तान्ह्या पोरीला पाहून "बापावर गेली, रंग नाहीं आला" असें म्हणूं नका. पोर तें ऐकतच वाढते. रंगापायीं कोणी वाढीव सोनें मागितलें तर बैठकींतून उठा. आणि हें काम पुरुषांनीं करावयाचें आहे, कारण पाटावर मुलगी बसते, पण पारखणारे आपण असतों.

मुलींनो, तुम्हांला एकच सांगतों. आरशांत पाहतांना जो आवाज तुम्हांला हिणवितो, तो तुमचा नव्हे. तो आमचा आहे. आम्हीच तो तुमच्या मनांत घातला. तो परत आमच्या तोंडावर फेका.

शेवटीं एक घरची गोष्ट. माझी मुलगी आपल्या आत्याच्या रंगाची आहे. गेल्या वर्षीं तिनें मला विचारलें, "बाबा, आत्याच्या वेळीं विहिरीजवळचें रान गेलें. माझ्या वेळीं काय विकणार?" मला उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर आज आपल्या सर्वांच्या साक्षीनें देतों : पोरी, कांहीं विकणार नाहीं. जो रंग मोजीत येईल, त्याला चहा देखील मिळणार नाहीं.

बंधूंनो, हें उत्तर मी एकट्यानें देऊन भागणार नाहीं. आपणहि आज घरीं जाऊन आपल्या लेकीला तें द्या, आणि सून पाहावयास जाल तेव्हां तें विसरूं नका.