ज्याची नोंद, त्याला आधी

(अहिल्यानगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘व्यवसायासाठी डेटा अ‍ॅनालिटिक्स : पदव्युत्तर शिक्षण आणि ख्रिस्ती नीतिविचार’. विषयाचं नाव लांबलचक आहे, पण माझं म्हणणं थोडक्यात आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. ज्याची नोंद घेतली, त्याला ती आधी दाखवली पाहिजे आणि तिचा पहिला उपयोगही त्यालाच झाला पाहिजे. एमबीए करून अ‍ॅनालिटिक्सकडे वळणाऱ्या मुलामुलींना हे पहिल्याच सत्रात शिकवायला हवं, आणि तेही गावात नेऊन. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून हाती आलेलं हे सगळ्यात पक्कं मत आहे.

नगरच्या मिशनचा इतिहास तुमच्यासमोर काय सांगायचा? 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन इथं आहे. 1842 साली ‘ज्ञानोदय’ इथून निघाला. सिंथिया फरार बाईंची शाळा, सावित्रीबाईंचं इथलं शिक्षण, 1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी उभं केलेलं अहमदनगर कॉलेज, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एकच लक्षात असू द्या. हिवाळ्यांच्या नावानं चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत आज समाजकार्य शिकवणारं सीएसआरडीही आहे आणि एमबीए शिकवणारं आयएमएससीडीआरही आहे. त्या दोघांकडे मी शेवटी येणार आहे.

अ‍ॅनालिटिक्समध्ये काय शिकवतात, हेही तरुण मंडळींना मी सांगायला नको. पुणे विद्यापीठाच्या एमबीएत ‘बिझनेस अ‍ॅनालिटिक्स’ घेता येतं. पायथन, एसक्यूएल, रिग्रेशन, डॅशबोर्ड. मुलं मेहनती आहेत, पटापट शिकतात. प्रश्न एवढाच आहे की ज्यांचे आकडे ती चाळतात, ती माणसं त्यांनी कधी पाहिलेली असतात का?

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. सकाळी साडेसहाला गावातल्या दूध संकलन केंद्रावर उभे राहा. बाई किटली घेऊन येते, दूध काट्यावर जातं, चमचाभर नमुना मशीनला लागतो आणि चिठ्ठी बाहेर पडते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. गाईच्या दुधाला फॅट साडेतीन आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, साडेआठ हे माप तुम्ही सगळे जाणता. त्याखाली पॉइंट घसरला की दर घसरतो. कुणाच्या केंद्रावर फॅट चांगली लागते, हे मात्र मला विचारू नका, इथं बरेच चेअरमन बसलेत! (हशा)

ही चिठ्ठी म्हणजे डेटाच आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी आणि खरी वजनं ठेवण्याची आज्ञा आहे. नीतिसूत्रांतही खोट्या तागडीचा धिक्कार आहे. म्हणजे मशीन खरं बोललं पाहिजे, ही पहिली पायरी. तिच्यासाठी वैधमापनशास्त्राचं खातं आहे. माझं म्हणणं दुसऱ्या पायरीविषयी आहे. ज्या घरी दोन-तीनच गाई आहेत, त्या घरच्या दुधाचं एसएनएफ चार दिवसांत घसरलं आणि दूधही कमी झालं, तर कासदाहाची शंका घ्यायला हवी. सड दुखावलेल्या गाईनं अंग चोरण्याआधी कधीकधी संगणकाला ते दिसू शकतं. आज त्या आकड्यावरून काय होतं? पैसे कापले जातात. त्याच आकड्यावरून त्या घरी जनावरांचा डॉक्टर जाऊ शकतो. गणित दोन्हीकडे सारखंच आहे. आकडा हाती आल्यावर आपण काय करायचं ठरवतो, तिथं नीतीचा प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तकात ‘एथिक्स’ नावाचं शेवटचं प्रकरण असतं आणि ते बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं जातं. त्यानं हे शिकवून होणार नाही.

मग कशानं होईल? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, जामखेडला. दोन मिनिटं तिकडे जाऊन येऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. 1960 साली लग्न झालं, आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात दोघं कामाला लागले. खाटा भरलेल्या, बाहेर रांग. आजच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवागार! पण त्यांनी नोंदवही नीट पाहिली. तेच लोक तेच आजार घेऊन परत येत होते, आणि त्यातले बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. खाट भरली याचा अर्थ गाव बरं होतंय असा होत नाही, हे त्या दोघांना त्या वहीनं शिकवलं. पुढे ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथं पोस्टिंग झालं तर नोकरदार बदलीसाठी मुंबईच्या चकरा मारायचे, असा तो तालुका. (हशा) हसू नका, जामखेडचे पाहुणे पुढच्या रांगेत आहेत आणि त्यांना आज अभिमान वाटण्यासारखंच मी सांगणार आहे.

आधी गावोगाव नर्स पाठवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडून द्यायची असं ठरलं. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कुणी दलित वस्तीतली, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परतून काम करायच्या. कुणाला कितवा महिना, कुठलं मूल वाळतंय, कुणाचा खोकला थांबत नाही, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ असे. त्यांच्या सांगण्यावरून नोंदी होत आणि गावातल्या फळ्यावर मांडल्या जात. जन्म, मृत्यू, लसी, गरोदर बाया. ज्याचा आकडा, त्याच्या डोळ्यांपुढे!

एक गोष्ट बारकाईनं सांगतो. मुलांची पाहणी करायची तेव्हा शेतकरी मंडळाचे पुरुष दंडाचा घेर मोजायच्या कामाला लावले होते. दंडाची पट्टी तुम्ही अंगणवाडीत पाहिली असेल. आजच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, त्यापुढे साडेबारापर्यंत पिवळा, मग हिरवा. आता विचार करा. मिशी असलेला बागाईतदार दलित वस्तीत उकिडवा बसतो, तीन वर्षांच्या पोराचा दंड हातात घेतो आणि पट्टी आवळतो. काटकीएवढा दंड त्याच्या बोटांना लागतो. तेच मूल संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत दिसतं, आणि ती ओळ कुणाच्या बोटांना लागत नाही. उपाशी मुलं गावातल्या कुठल्या भागात आहेत, हे त्या पुरुषांना स्वतःच्या हातानं कळलं. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालायची गरज डॉक्टरांना उरली नाही.

आणि पाण्याचं? 1972 चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांना आठवतोय. कूपनलिका घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी भूजल शोधणाऱ्याला सांगितलं, जागा दलित वस्तीतल्याच दाखवा. पाणी तिथं लागलं, हातपंप तिथं बसले आणि सगळं गाव तिथं पाणी भरायला येऊ लागलं. तांत्रिक माहिती हाती असलेला माणूस कुणाची तरी बाजू घेतोच. आरोळ्यांनी कुणाची घेतली, ते स्पष्ट आहे.

परिणाम? सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत तो आकडा तिसाच्या आत आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. शंभरावर देशांतली माणसं जामखेडला शिकायला येऊन गेली. शेजारच्या तालुक्यातली किती गेली, हे मी विचारत नाही. (शांतता)

दोन मिनिटांची वीस झाली. अध्यक्ष घड्याळ पाहताहेत, पण जामखेड आटोपतं घेणं मला जमत नाही. आता ख्रिस्ती नीतीकडे.

पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन गोष्टी आहेत. एक दावीद राजाची. त्याला प्रजेची शिरगणती करावीशी वाटली. यवाब सेनापतीनं विचारलं, हे कशाला? राजा ऐकेना. नऊ महिने वीस दिवस यवाब देशभर फिरला आणि तलवार धरणारे पुरुष मोजून आला. मग राजाचं मन त्याला खाऊ लागलं, आणि देशावर मरी आली. हे पाप कसं, यावर पंडितांची मतं वेगळी आहेत. मोजणंच पाप असेल असं वाटत नाही, कारण ‘गणना’ नावाचं पुस्तकच शिरगणतीनं सुरू होतं आणि तिथं ती देवाच्या आज्ञेनं होते. माझं वाचन असं की राजानं माणसं मोजली ती स्वतःचं बळ पाहायला. मोजलेल्याच्या पदरात त्यातून काहीच पडणार नव्हतं.

दुसरी गोष्ट येशूनं सांगितलेली, लूकच्या पंधराव्या अध्यायातली. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघतो. यात एक गोष्ट आपण विसरतो : एक हरवलंय हे कळायला त्यानं रोज मोजलेलं असलं पाहिजे. तो प्रेमळ होता तसाच हिशेबाचाही पक्का होता. आमच्या संख्याशास्त्रात सरासरीपासून फार दूर पडलेल्या निरीक्षणाला आउटलायर म्हणतात, आणि आळशी विश्लेषक ते काढून टाकतो. मेंढपाळ त्यासाठीच घराबाहेर पडतो. दावीदाची मोजणी आणि मेंढपाळाची मोजणी, यांतली कुठली शिकवायची, एवढाच निर्णय व्यवस्थापनाच्या शिक्षणसंस्थांनी घ्यायचा आहे.

एक चिठ्ठी आली आहे. “एमबीएत बायबल कशाला? हा धर्मप्रसार नाही का?” प्रश्न योग्य आहे आणि विचारल्याबद्दल आभार. कुणी कुठल्या देवळात किंवा चर्चमध्ये जावं, याविषयी मी एक शब्द बोललेलो नाही. आरोळ्यांची प्रेरणा ख्रिस्ती होती, ती त्यांनी कधी लपवली नाही. पण त्यांच्या आरोग्यसेविका आपापल्या धर्मात राहूनच काम करत होत्या. ज्यानं त्यानं आपल्या घरातून हा विचार आणावा. तुकोबांनी सावकारीतली आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. घरात डेटा होता, कायद्यानं वसुलीचा हक्क होता, आणि त्यांनी ऋणकोची बाजू घेतली. कुणाला बायबल नको असेल तर त्यानं वर्गात तुकोबांपासून सुरुवात करावी, मी पहिल्या बाकावर येऊन बसेन. (टाळ्या)

वेळ संपत आली, म्हणून जगाचं एकच उदाहरण. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडायला एक सॉफ्टवेअर वापरत. ते आजार थेट मोजत नव्हतं, आधी झालेल्या खर्चावरून गरज ठरवत होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत आलेला, त्यामुळे ते कागदोपत्री निरोगी ठरले. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं त्या अभ्यासात दाखवलं होतं. जो दवाखान्यात पोचलाच नाही तो नोंदीत नाही, आणि नोंदीत नाही तो आजारी नाही! वडाळ्याची वही आरोळ्यांनी नुसती वरवर चाळली असती, तर त्यांचाही असाच समज झाला असता.

आपल्याकडे कायदा जागा होतोय. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना ग्राहकाच्या फोनमधली नावांची यादी आणि फोटो चाळायला मनाई केली. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपली माहिती विचारण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क देतो. चांगलं आहे. पण किटली घेऊन आलेल्या बाईला हा हक्क कोण समजावून सांगणार? तो शिकलेल्या मुलांनीच सांगायचा आहे.

कार्यकर्त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली, म्हणून मागण्या सांगून थांबतो. सीएसआरडी आणि आयएमएससीडीआरच्या मुलांनी पहिलं सत्र एकत्र गावात काढावं. एकाला माणसाशी बोलता येतं, दुसऱ्याला आकड्याशी. दोघांनी मिळून हातानं नोंदी घ्याव्यात, दारोदार फिरून. मगच लॅपटॉप उघडावा. आणि प्रत्येक प्रकल्पाचे गुण देताना एक प्रश्न विचारावा, या विश्लेषणातून गळालेला माणूस कोण?

या सभागृहात दूध संघांचे संचालक आहेत, पतसंस्थांचे चेअरमन आहेत, महाविद्यालयांचे विश्वस्त आहेत. तुमच्याकडे माझी मागणी बिनखर्चाची आहे. येत्या जूनपासून आपल्या संस्थेत दोन-दोन विद्यार्थी घ्या. त्यांना नोंदी खुल्या करा, सभासदांची संमती घेऊन. अट एकच ठेवा, अहवाल आधी सभासदांपुढे, मराठीत, गावात उभं राहून वाचायचा. सभासदांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता आली, तरच तो संचालक मंडळापुढे येईल. ज्यांना हे करायचंय त्यांनी आत्ता, बाहेर पडण्याआधी, व्यासपीठाजवळच्या वहीत संस्थेचं नाव लिहून जावं.