लांबून नेम धरणारा गडी



चौतीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने बास्केटबॉलविषयी बोलावे, यात काही श्रोत्यांना नवल वाटेल. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि माझा खेळ आट्यापाट्यांपुढे गेला नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पाच गडी असतात. त्यांपैकी एकास 'शूटिंग गार्ड' म्हणतात. टोपलीखाली रेटारेटी करणे हे उंच गड्यांचे काम. याने दूर उभे राहून नेम धरावयाचा. टोपलीचे कडे जमिनीपासून दहा फूट उंच, आणि त्याचा व्यास अठरा इंच. चेंडूचा व्यास साडेनऊ इंचांच्या आसपास, म्हणजे कड्यात दोन चेंडू शेजारी शेजारी बसता बसता राहतात. जवळून पाहिले तर ती टोपली चांगली ऐसपैस वाटते. बावीस फुटांवरून, अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पंजाआडून पाहिले, म्हणजे तीच सुईच्या नेढ्याएवढी होते. १९८४ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत अशा लांबच्या फेकीला जवळच्या फेकीइतकेच, दोनच गुण मिळत. त्या साली तीन गुणांची रेषा आली आणि या गड्याचे भाग्य पालटले.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. (शिक्षकाने, हे मी मुद्दाम सांगतो.) मुंबईत त्याचे माहेर नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ट हे १९२५ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' उभे केले. पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. दाटीवाटीची वस्ती, खेळावयास जागा नाही. क्रिकेटला जेवढे मैदान लागते तेवढ्यात तेथे चार चाळी उभ्या राहतील. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढी भुई पुरते. गरिबांच्या वस्तीत हा खेळ रुजला, तो या हिशेबाने. तेथे बच्चूखान नावाच्या गुरूने पिढ्यांमागून पिढ्या मुले घडविली. त्यांच्या नावाचे मैदान आज नागपाड्यात आहे. त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले, आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

आता जपानकडे वळू. १९७५ साली बँकॉक येथे आशियाई स्पर्धा झाली. चीन पहिला, जपान दुसरा, कोरिया तिसरा, आणि भारत चौथा. म्हणजे जपान आणि आपण यांच्यात दोन पायऱ्यांचे अंतर होते! जपानला त्या यशावर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचे दार उघडले. आपल्याला १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती इतर राष्ट्रांच्या बहिष्कारामुळे, आणि तेथे बारा संघांत आपण बारावे आलो.

मात्र जपानचीही गाडी पुढे सुरळीत चालली असे समजू नये. तेथेही खेळाडू दीर्घकाळ कारखान्यांच्या संघांतून खेळत, जसे आपले रेल्वेच्या वा सेनादलाच्या संघांतून. पुढे दोन प्रतिस्पर्धी संघटना झाल्या, आणि त्यांचे भांडण मिटेना म्हणून २०१४ मध्ये जागतिक संघटनेने जपानलाच खेळातून निलंबित केले. तेव्हा कोठे शुद्ध आली. दोन्ही संघटना एक होऊन २०१६ मध्ये 'बी लीग' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली.

माकोतो हिएजिमा हा शूटिंग गार्ड या स्थित्यंतरातून गेलेला. जन्म १९९०. शाळा क्योटोत, महाविद्यालय टोकियोत, २०१३ मध्ये आयसिन या मोटारींचे भाग करणाऱ्या कंपनीच्या संघात प्रवेश. नव्या लीगच्या दुसऱ्याच हंगामात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मग तो ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संघात गेला. तेथे जम बसला नाही, काही महिन्यांतच तो मायदेशी परतला. आपल्याकडे असा परतलेला मनुष्य म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वर्षभराची बेगमी! त्याने २०२२ मध्ये उत्सुनोमियाच्या संघास अजिंक्यपद मिळवून दिले.

राष्ट्रीय संघाची कथा अधिक कडू. २०१९ च्या विश्वचषकात जपान पाच सामने खेळला, पाचही हरला. घरच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन खेळला, तीनही हरला. हिएजिमा दोन्ही वेळा संघात होता. मग ३१ ऑगस्ट २०२३ रोजी ओकिनावा येथे व्हेनेझुएलाविरुद्ध सामना आला. शेवटच्या चतुर्थांशात जपान मागे पडलेला. आणि या तेहेतीस वर्षांच्या गृहस्थाने लांबून एकामागून एक चेंडू टोपलीत घालण्यास आरंभ केला. एकट्याचे तेवीस गुण झाले. जपानने सामना ८६–७७ असा जिंकला, आणि त्या स्पर्धेच्या शेवटी आशियातील सर्वांत वरचा संघ म्हणून पॅरिस ऑलिंपिकचे तिकीट स्वबळावर मिळविले. माँट्रियलनंतर प्रथमच!

हा सामना मी पाहिला तो माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या हातातील फोनवर, पार्ल्यातील माझ्या घरी.

१९९१ साली तो माझ्या वर्गात नववीत होता. शाळा सुटली की पार्ल्याहून गाडीने मुंबई सेंट्रलला उतरे, तेथून चालत नागपाड्यास जाई, आणि रात्री नऊला घरी येई. त्याचे वडील कारकून होते. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचे तो ऐकेल." मी मुलास बोलावून विचारले, "चेंडूने पोट भरेल काय?" त्याला उत्तर सुचले नाही. तेव्हा मला वाटले की उत्तर नाही म्हणजे माझे म्हणणे खरे. त्याने खेळ सोडला, मॅट्रिक झाला, विमा कचेरीत लागला. माझ्या हिशेबात तो यशस्वी विद्यार्थी होता.

माझा प्रश्न खोटा नव्हता, श्रोतेहो. त्या काळी आपल्या देशात त्याचे खरे उत्तर 'नाही' असेच होते, आणि पगारी नोकरी देणारे संघ सोडले तर आजही फारसे निराळे नाही. पण तो प्रश्न मी चौदा वर्षांच्या मुलास विचारला. ज्यांना विचारावयास हवा होता ती मंडळी क्रीडासंघटनांच्या खुर्च्यांवर बसली होती, आणि त्यांना विचारण्याचे माझ्या कधी मनातही आले नाही.

सामना संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, मी याच जागेवर खेळत असे." मग उभा राहून कोपर कसे कानाच्या रेषेत ठेवावयाचे, मनगट कसे सोडावयाचे, हे त्याने मला दाखविले. बत्तीस वर्षांनंतरही हात विसरलेला नव्हता. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

त्याची मुलगी तेव्हा नववीत होती, आणि रविवारी पहाटेच्या गाडीने बापाबरोबर नागपाड्यास जात होती. गणितात ती जरा कच्ची असल्याचे त्याने जाता जाता सांगितले. गणिताची शिकवणी मी घेतो. चेंडूविषयी मात्र त्याने मला काही विचारले नाही.