काळजाचं ऑपरेशन झालं, पुढे काय?

आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक सांगणार आहोत. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून.

आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून मोठं छिद्र होतं. दूध ओढताना ती दमायची, कपाळाला घाम यायचा, वजन वाढेना. अंगणवाडीत आलेल्या तपासणी पथकाच्या ते लक्षात आलं आणि आठव्या महिन्यात ऑपरेशन झालं. जाण्यायेण्याच्या खर्चाला गटानं अंतर्गत कर्ज दिलं. पोर घरी आली, पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटलो.

दोन वर्षांची झाली तरी पोर "आई"शिवाय काही बोलेना. ताईनं बैठकीत विषय काढला, तर आम्हीच म्हणालो, "अगं, आमचाही उशिराच बोलला." ऑपरेशनवाली पोर म्हणून घरात तिला कुणी खाली ठेवत नव्हतं, आम्हीही कडेवरच घ्यायचो. असे सहा महिने गेले. शेवटी आशाताईंनी हट्टानं जिल्हा रुग्णालयात नेलं.

तिथे कळलं ते असं. बाळ पोटात असल्यापासून त्याच्या मेंदूला रक्तातून प्राणवायू लागतो. हृदयाचा दोष मोठा असेल तर तो कमी पडू शकतो. त्यात तान्हेपणी मोठं ऑपरेशन, दवाखान्यातला मुक्काम. म्हणून अशा काही मुलांना बसायला, चालायला, बोलायला उशीर होतो. काहींचं पुढे शाळेत लक्ष लागत नाही. सगळ्यांचं असं होत नाही. पण लक्ष सगळ्यांकडे ठेवावं लागतं. आणि ग्रहणात विळी हातात धरली म्हणून हे होत नाही. आईला बोल लावू नका.

माता व बाल संरक्षण कार्ड फक्त लसीपुरतं नाही. नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं, एवढं बघा. मागे पडलं तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. शाळेत घालताना पुन्हा एकदा दाखवा.

घरीही करण्यासारखं आहे. डॉक्टरांना विचारून मुलाला खाली खेळू द्या. भाकरी थापताना त्याच्याशी बोला, पीठ, पाणी, तवा अशी नावं सांगा.

आमची पोर आता साडेतीन वर्षांची आहे. "मला भाकरी दे" म्हणते. अजून अडखळते, पण म्हणते. ते सहा महिने मात्र आम्हाला अजून टोचतात.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की विचारा, आपल्या गावात असं ऑपरेशन झालेलं मूल कुणाच्या घरी आहे का? आणि त्याच्या आईचं ऐकून घ्या.