गाडी चालविताना येणारे आजारपण
(सोनई येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, हुंडा किंवा शिष्यवृत्त्या यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी घेतलेला विषय त्यामानाने क्षुद्र, किंबहुना किळसवाणा वाटेल. गाडी चालवीत असता चालकाला एकाएकी आजारपण आले तर काय करावे, आणि गाडीत जी घाण होते ती कोणी व कशी काढावी, याविषयी मला बोलावयाचे आहे. आपल्या सोनईस साखर कारखाना आहे. हंगामात उसाच्या जोड-ट्रेलरांची रांग खंडत नाही. शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शनिवारी व शनि-अमावास्येला परगावच्या गाड्यांचा पूर लोटतो. चाकामागे बसणारे कोणीच नाही असे घर आज आपल्यात शोधूनच काढावे लागेल.

काही वर्षांपूर्वी नगरच्या एका लग्नाहून आम्ही भाड्याच्या जीपने परत येत होतो. चालक विशीतला मुलगा होता. इमामपूरचा घाट उतरेपर्यंत तो आमच्याशी बोलत होता. पांढरी पूल मागे पडल्यावर गप्प झाला. त्याच्या कपाळावरचा घाम शेजारी बसलेल्या मला दिसत होता. पण उकाड्याचे दिवस, असे मी समजलो. घोडेगावच्या अलीकडे त्याला उलटी झाली. दोन्ही हात तोंडाशी गेले आणि गाडी रस्ता सोडून बांधावर चढली. वेग बेताचा होता, म्हणून आज हे सांगण्यास मी आपणांपुढे उभा आहे. “अरे, आधी का नाही सांगितलेस?” असे मागाहून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मागं बायामाणसं शालू नेसून बसलेली, काका. वाटलं, सोनईपर्यंत निभावून जाईल.”

हे वाक्य मी अद्याप विसरलो नाही. त्याला कळत नव्हते असे नाही. त्याला लाज वाटत होती.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर धावते. उलटीच्या उमाळ्याने डोळे मिटतात व मान खाली जाते. तेवढ्या तीन सेकंदांत गाडी 50 मीटर आंधळी जाते. परंतु शरीर बहुधा पूर्वसूचना देते. तोंडाला पाणी सुटते, गार घाम येतो, जांभया येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच क्षणी वेग कमी करून, डावीकडचा दिवा दाखवून, गाडी डांबरी रस्त्याच्या बाहेर घ्यावी; चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, हँडब्रेक ओढावा. तेवढाही अवकाश न मिळाला, तर नजर रस्त्यावर व हात चाकावर ठेवून अंगावरच होऊ द्यावे. कपडे धुता येतात. रात्री उतरल्यावर गाडीच्या मागे मात्र कोणीही उभे राहू नये. आपल्या रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेले ट्रेलर किती, हे मी आपणांस सांगावयास नको.

उलटी हा त्यातला सौम्य प्रकार झाला. छातीत दडपण येऊन डावा हात भरून येणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे, यांत मिनिटांचा हिशेब असतो. गाडी थांबवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आपणच इस्पितळापर्यंत चालवीत नेण्याचे साहस करू नये. आपल्या भागात आणखी एक धोका आहे. शनिवारचा कडक उपवास, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन, आणि दूरची मजल, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रक्तातील साखर 70 च्या खाली उतरते. हात थरथरतात, मन भ्रमते, आणि आपण भ्रमलो आहोत हेच माणसाला उमगत नाही. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटताच किल्ली फिरवू नये. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काही घालू नये. उपवास कोणी करावा वा न करावा हे मी सांगणारा कोण? परंतु मधुमेह्याने उपवास करून गाडी चालवू नये, एवढे सांगण्याचा वयाचा अधिकार मी घेतो.

परवान्यासाठी जो नमुना क्रमांक 1 भरावा लागतो, त्यात फेफरे, एकाएकी शुद्ध हरपणे किंवा घेरी येणे, यांविषयी स्पष्ट प्रश्न आहे. आपण तेथे न वाचताच ‘नाही’ लिहितो. ज्याला खरोखरच फेफरे येते, तो भाकरी जाईल म्हणून ‘नाही’ लिहितो. जानेवारी 2022 मध्ये पुणे जिल्ह्यात मोराची चिंचोली येथून सहलीहून परतणाऱ्या स्त्रियांच्या लहान बसच्या चालकाला वाटेत झटका आला. त्यांच्यापैकीच एका वाघोलीच्या गृहिणीने चाक हाती घेतले आणि त्याला इस्पितळात पोहोचविले. तिला मोटार चालविता येत होती, बस तिने पूर्वी कधी चालविली नव्हती. ही बातमी वाचल्यापासून मी आमच्या घरातील सुनांना गाडी शिकविण्याचा आग्रह धरला आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध साक्षीदार करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याखालील नियमांतच आले आहे. तेव्हा पोलिसांच्या भयाने कोणी पुढे जाऊ नये.

आता त्या रात्रीचा उरलेला भाग. गाडी बांधावर अडली, कोणास इजा झाली नाही, आणि आम्ही सारे उतरून नाकाला रुमाल लावून दूर उभे राहिलो. कोणीतरी त्या मुलास म्हणाले, “आता लवकर धुऊन घे, उशीर होतोय.” अंगात ताप भरलेला, पाय लटपटताहेत, आणि तो मुलगा बाटलीतल्या पाण्याने बैठक धूत होता. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, हे मी येथे मुद्दाम सांगतो. त्याला बाजूला बसवून पदर खोचला तो आमच्या थोरल्या वहिनींनी. त्यांनी शेतातली कोरडी माती टाकली, लग्नातल्या मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने सारे खरवडून काढले. मी उभाच होतो.

वहिनींची रीत शास्त्रशुद्ध होती, हे मला नंतर कळले. दारे उघडी टाकावीत, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, नाकातोंडाला फडके बांधावे. माती, राख वा जुने वर्तमानपत्र टाकून ओल शोषू द्यावी; कडेकडून मध्याकडे खरवडावे, घासू नये. मग थंड पाणी व साबणचुरा; गरम पाण्याने डाग पक्का बसतो. सुरक्षापट्टा पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाने पुसावा व वाळल्याखेरीज आत सोडू नये. त्याला ब्लीच लावू नये, वीण कमजोर होते. ब्रेकच्या पायट्या कोरड्या केल्याविना गाडी हलवू नये, ओलसर पायटीवरून पाय घसरतो. घरी आल्यावर रबर व प्लास्टिकचे भाग लिटरभर पाण्यात 20 मिलिलिटर ब्लीच घालून पुसावेत. संडास धुण्याचे ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बैठकीवर खाण्याचा सोडा रात्रभर पसरला की वास जातो. उदबत्तीने जात नाही. उलट पुढच्या प्रवाशालाही मळमळते. हात साबणानेच धुवावेत, कारण उलटी-जुलाबाचे काही विषाणू हातावर चोळण्याच्या द्रवाला दाद देत नाहीत.

त्या मुलाने त्या दिवशी शेवटच्या पंक्तीला, उन्हात तासन् तास राहिलेले अन्न खाल्ले होते. वऱ्हाडाच्या सर्व पंगती उठल्यावर चालकांना वाढावयाचे, ही आपली जुनी रीत. म्हणून मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. मेळाव्याच्या प्रत्येक गाडीत साबण, पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे व साखरेची पुडी ठेवावी, त्याचा खर्च मी देईन; आणि चालकांचे पान पहिल्या पंक्तीत मांडावे.

मघाशी येताना बाहेर लिंबाखाली सात-आठ चालक बसलेले मी पाहिले. पाने मांडली जात आहेत; कार्यवाहांनी त्यांना आता आत बोलवावे.