टॅक्सीचालकाची अनुज्ञप्ती : सुरक्षितता आणि उपजीविका

(व्याख्यानाचा संपादित अंश)



टॅक्सीत बसणाऱ्या प्रवाशाला चालकाचे कौशल्य, दृष्टी वा पूर्वेतिहास पारखून घेता येत नाही. ही माहिती एकाच पक्षाकडे असते. अर्थशास्त्रात यास ‘असममित माहिती’ म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणातून या समस्येचे विवेचन केले व २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. प्रवाशाच्या वतीने शासनाने चालकाची परीक्षा घ्यावी, या व्यवस्थेचा आधार हाच आहे.

तथापि, प्रत्येक अट व्यवसायप्रवेशातील अडथळाही ठरते. राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. कलम १९(६) नुसार त्यासाठी व्यावसायिक वा तांत्रिक अर्हता ठरविता येते. म्हणून अट सुरक्षिततेशी निगडित आहे काय, हा कळीचा प्रश्न होय. व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट केंद्राने २०१९ मध्ये रद्द केली, ती याच विचाराने. वाहन चालविणे हे कौशल्याचे काम आहे. शालेय प्रमाणपत्रावरून ते सिद्ध होत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये परिवहन वाहनासाठी किमान वय २० वर्षे असून, शिकाऊ अनुज्ञप्तीपूर्वी हलके वाहन चालविण्याची एक वर्षाची अनुज्ञप्ती आवश्यक आहे. मग हलकी मोटार टॅक्सी म्हणून चालविण्यास वेगळे पृष्ठांकन हवे काय? हा वाद वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु अपघातानंतर विमा कंपन्या याच कारणावरून दायित्व नाकारीत आणि मृताचे कुटुंब भरपाईसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात खेटे घालीत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात असे पृष्ठांकन अनावश्यक ठरविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाच्या वाहनांबाबत तोच निर्णय कायम केला. हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीधारकांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी न्यायालयापुढे आली नव्हती, ही बाब लक्षणीय आहे.

लंडनमध्ये चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते चालकाला मुखोद्गत करावे लागतात. उपग्रहाधारित मार्गदर्शनामुळे अशा ज्ञानाचे आर्थिक मूल्य घटले आहे. याउलट चालकाचा थकवा कोणत्याही परीक्षेत दिसत नाही. अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सीसेवांसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला कमाल १२ तासांची मर्यादा होती, तिचे महत्त्व येथे आहे.

सारांश, अटींची संख्या वाढल्याने प्रवासी सुरक्षित होत नाही. वाहन चालविण्याची प्रत्यक्ष चाचणी काटेकोर हवी, आरोग्यतपासणी खरी हवी आणि कामाचे तास मर्यादित हवेत. या तीन गोष्टी साधल्या, तर प्रवाशाचा जीव आणि चालकाची भाकरी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ येणार नाही.